चिघळणे

हिंदमाताजवळच्या आमच्या चाळीत ‘चिघळणे’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो गुडघ्याच्या जखमेबद्दल. वेळीच धुतली नाही तर चिघळेल, असे आई म्हणायची. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत चाळीत जो तो म्हणू लागला, ‘संप चिघळला.’ भिजत घोंगडे नुसते रेंगाळते. चिघळलेले भांडण ठणकतही राहते. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून ठणकतोच आहे. जखम धुण्याची आईला एवढी घाई का असे, ते आता कळते.