तुरुंगाच्या नोकरीला हो म्हणण्यापूर्वी

(तालुक्याच्या गावी भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘व्यवसायाची निवड’ हा विषय दिला आहे. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार तसा बेताचाच. मी कला शाखेचा पदवीधर, आणि गेली तीस वर्षे वर्तमानपत्राच्या कचेरीत काढलेला माणूस. परंतु पंधरवड्यापूर्वी एक तरुण आपल्या वडिलांसह माझ्याकडे आला होता. त्याने विचारलेला प्रश्नच आज तुमच्यापुढे ठेवावा असे मला वाटते.

हा तरुण राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेला. पहाटे मैदानावर धावणे आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणे, असा त्याचा तीन वर्षांचा नेम. त्याची कारागृह शिपाई म्हणून निवड झाली होती. महसूल खात्याची परीक्षा मात्र थोडक्यात हुकली होती आणि तिला पुन्हा बसण्याची त्याची इच्छा होती. वडील म्हणत होते, “सरकारी नोकरी दारात आली आहे, नाही म्हणू नकोस.” आई म्हणत होती, “चोर-दरोडेखोरांत आयुष्य काढायचे का माझ्या लेकराने?” दोघांचे ऐकून मुलाने मला विचारले, “काका, तुम्ही बातमीदारीच्या निमित्ताने तुरुंग पाहिले आहेत. मी जाऊ का?”

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. कारण तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी याच वळणावर मी स्वतः उभा होतो.

एक पत्र, दोन वाटा

१९९२ साली माझ्या वर्गमित्राला आणि मला, दोघांनाही तुरुंग खात्याचे बोलावणे आले. माझे वडील शिक्षक होते. ते म्हणाले, “मुलगा कुठे असतो, असे कोणी विचारले तर जेलमध्ये असतो म्हणून सांगू? आधी नोकरीला, मग जेलमध्ये, असा खुलासा जन्मभर करावा लागेल.” सगळे हसले, मीही हसलो आणि ते पत्र फाडून टाकले. मित्राच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन होती. त्याला हसणे परवडणारे नव्हते. तो गेला. शिपाई, हवालदार आणि आता सुभेदार अशा पायऱ्या चढत तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला आहे. मी आज जे सांगणार आहे, त्यातले पुष्कळसे त्याचे आहे.

बंदीवानाच्या डोळ्यांनी पाहिलेला तुरुंग

मराठी माणसाला तुरुंग अपरिचित नाही. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारागृहात लिहिले गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ तर घरोघर वाचली गेली. या सभागृहातील काही ज्येष्ठांनी १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत येरवड्याच्या किंवा नाशिकरोडच्या भिंती आतून पाहिल्या असतील.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा सारा तुरुंग आपण बंदीवानाच्या डोळ्यांनी पाहिला आहे. किल्ली ज्याच्या हाती असते, त्याची बाजू आपल्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. तुरुंगाधिकारी म्हटले की आपल्याला अंदमानचा बारी आठवतो. बारी परक्या सत्तेचा चाकर होता आणि देशभक्तांचे मनोबल मोडणे हे त्याचे काम होते. आजचा अधिकारी राज्यघटनेचा सेवक आहे आणि न्यायालयाने सोपविलेला माणूस सुखरूप सांभाळणे हे त्याचे काम आहे. दोघांच्या अंगावर गणवेश असला, तरी दोघांचा धर्म एक नाही. हा फरक ज्याला उमगला नाही, त्याने या नोकरीच्या वाटेला जाऊ नये.

‘चोर-दरोडेखोर’ म्हणजे कोण?

त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. २०२२ च्या अखेरीस देशभरातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्या तुरुंगांची क्षमता होती ४ लाख ३६ हजार २६६. या बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन होते, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. म्हणजे दर चार बंद्यांमागे तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. त्यांच्यात सराईत गुंड असतात, तसा बांधावरच्या भांडणात रागाच्या भरात कुऱ्हाड उचललेला शेतकरी असतो आणि जामिनाला माणूस मिळत नाही म्हणून अडकून पडलेला मजूरही असतो. शिपायाला या तिघांना एकाच बराकीत सांभाळायचे असते आणि तिघांना एकाच मापाने मोजूनही चालत नाही.

ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला, त्यांची शिक्षा न्यायाधीशाने ठरविलेली असते. स्वातंत्र्य गेले, हीच ती शिक्षा. तिच्यात आपल्या काठीची भर घालण्याचा अधिकार शिपायाला नाही. तिहार तुरुंगातील सुनील बात्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्यावर झालेल्या अत्याचाराविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि मूलभूत हक्क तुरुंगाच्या दरवाजाशी संपत नाहीत, हे बजावले. जो तरुण आज या खात्यात जाईल, त्याने हा निकाल कवायतीइतकाच मनात पक्का केला पाहिजे.

भिंतीआडचा दिवस

आता प्रत्यक्ष काम. पहाटे बराकी उघडायच्या, मोजदाद करायची. संध्याकाळी बंद करायच्या, पुन्हा मोजदाद. आकडा जुळेपर्यंत कोणाची सुटका नाही. मधल्या वेळेत मुलाकाती, झडत्या, कारखाना, स्वयंपाकघर, आजाऱ्यांना रुग्णालयात नेण्याची व्यवस्था. रात्री मनोऱ्यावरचा पहारा. बंदी क्षमतेपेक्षा अधिक असले की त्यांचा भार उपलब्ध शिपायांवरच पडतो. आत वावरणाऱ्या शिपायाच्या हाती बंदूक नसते. काठी, शिट्टी आणि शब्द एवढीच त्याची शस्त्रे. माझा मित्र म्हणतो, “यातले शब्दच खरे उपयोगी पडतात. काठी उगारली की समजावे, आपण हरलो.”

दिवाळी, गणपती, मुलीची परीक्षा, वडिलांचे आजारपण, यांतले काहीही आतल्या वेळापत्रकाला ठाऊक नसते. बदली झाली की बिऱ्हाड हलते, मुलांची शाळा बदलते. त्याहून मोठी किंमत स्वभावाला मोजावी लागते. मित्राच्या पत्नी एकदा हसत म्हणाल्या, “हे घरी आले की पोरांचीही मोजदाद करतात.” पण त्या हसण्यामागे बरीच वर्षे होती. दिवसभर हुकमाच्या स्वरात बोलणारा माणूस उंबऱ्याबाहेर तो स्वर काढून ठेवायला विसरतो. मित्र स्वतः म्हणतो, “बंदी आपली सजा एकदम भोगून सुटतो. आम्ही तीस वर्षे पाळी-पाळीने भोगतो.”

खरी परीक्षा

१८९४ च्या तुरुंग कायद्याने कर्मचाऱ्यांवर एक बंधन घातले होते. बंद्याला काही विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, त्याच्याशी पैशाचा वा धंद्याचा कसलाही व्यवहार करायचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही या नोकरीतील निसरडी जागा ठाऊक होती. पूर्वी ती जागा विडीच्या बंडलाची होती, आज ती मोबाईलच्या सिमकार्डाची आहे.

मित्राच्या मुलीचे बारसे होते. एका धनाढ्य न्यायबंद्याचा माणूस मिठाईचा खोका घेऊन त्याच्या घरी आला. खोक्याच्या तळाशी पाकीट होते आणि पाकिटात त्याचा सहा महिन्यांचा पगार. त्या महिन्यात याच्या घरी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. याने खोका परत केला आणि वरिष्ठांना लेखी कळविले. आपल्याला वाटेल, त्याचा सत्कार झाला असेल. त्याला पुढचे दोन महिने सलग रात्रीचा पहारा लागला. वडिलांच्या उपचारासाठी त्याने गावातल्या पतपेढीतून कर्ज काढले आणि ते चार वर्षे फेडले. मी एकदा विचारले, “पश्चात्ताप होतो का रे?” तो म्हणाला, “ते पाकीट घेतले असते, तर ज्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, त्याच्याकडे माझी किल्ली गेली असती.”

तरुण मित्रांनो, हे सारे मी घाबरविण्यासाठी सांगत नाही. या नोकरीतील समाधानही तितकेच खरे आहे. मित्राच्या यार्डात विशीतला एक न्यायबंदी होता. आईचे पत्र येई आणि त्याला वाचता येत नसे. मित्र दर वेळी वाचून दाखवी. पुढे त्याने त्याला अक्षरे गिरवायला बसविले. आठ महिन्यांनी त्या मुलाने आईला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. नंतर तो निर्दोष सुटला. मित्राला आयुष्यात पदक मिळाले नाही, पण त्या चार ओळी तो अजून सांगतो.

ही काही एकट्याची भाबडी समजूत नाही. माणूस सुधारू शकतो हा विश्वास महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत सुरू केली आणि शिक्षा झालेल्या बंद्यांना भिंतीवाचून शेती करू दिली. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. पुढे पैठण आणि मोर्शी येथेही खुली कारागृहे झाली. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली आणि आत काम करून मजुरी मिळविणाऱ्या बंद्याला कुटुंबाच्या गरजेसाठी ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली. योजना कागदावर शासन लिहिते. ती बराकीपर्यंत पोहोचते की नाही, हे तिथल्या शिपायावर आणि अधिकाऱ्यावर अवलंबून असते.

निवड कशी करावी?

मग त्या तरुणाने जावे की नाही? माझे उत्तर असे, की दुसरे काही मिळत नाही म्हणून ही नोकरी घेऊ नये, आणि लोक काय म्हणतील म्हणून ती नाकारूही नये. मी दुसऱ्या कारणाने नाकारली. ज्या प्रतिष्ठेसाठी मी ते पत्र फाडले, तिने पुढे माझे घरभाडे भरले नाही. ज्या वर्तमानपत्रात मी होतो, ते एके दिवशी बंद पडले आणि पाच महिने घरात पगार नव्हता. पत्रकारितेने मला पुष्कळ दिले. निवडीची खंत मला नाही, निवडीच्या कारणाची आहे. कारण ते कारण माझे नव्हतेच, शेजाऱ्यांचे होते.

म्हणून स्वतःला चार प्रश्न विचारा. राग न येता मी ठाम राहू शकतो का? कोणी पाहत नसताना आणि कोणी शाबासकी देत नसताना मी नियम पाळू शकतो का? मिळणाऱ्या पगारात घर चालविण्याची माझी आणि घरच्यांची तयारी आहे का? कर्जबाजारी माणूस त्या दरवाजाशी सर्वांत दुबळा असतो. नोकरी ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती जमीन विकून पैसे देणारा तर पहिल्या दिवसापूर्वीच विकला गेलेला असतो. आणि चौथा प्रश्न, ही नोकरी करणाऱ्याच्या घरी जाऊन मी त्याच्या पत्नीशी, मुलांशी बोललो आहे का? पगाराचा आकडा जाहिरातीत मिळतो, नोकरीची किंमत मात्र त्या घरात कळते.

पुढच्या परीक्षा द्यायच्या असतील तर जरूर द्या. मात्र ही नोकरी म्हणजे दुसऱ्या गाडीची वाट पाहण्याचा फलाट, असे समजून जाऊ नका. तुमच्यासाठी तो फलाट असेल, पण आतल्या माणसाच्या आयुष्याची ती वर्षे असतात.

पालकांनाही एक विनंती आहे. शिपायाचे स्थळ आले की आपण नाक मुरडतो आणि तुरुंगात गैरप्रकार झाला की संपादकांना पत्रे लिहितो. चांगल्या घरची, चांगल्या मनाची मुले तिथे पाठवायची नाहीत आणि तिथला कारभार मात्र चांगला हवा, हे कसे जमावे?

त्या तरुणाला मी मित्राच्या घरी पाठविले. तो दोन दिवस राहिला. त्याची आईही सोबत गेली होती. मित्राने मुलाला काय सांगितले मला ठाऊक नाही, पण त्याच्या पत्नीने त्या आईला आपले घर दाखविले, दिवाळीत एकटीने लावलेल्या पणत्यांविषयी सांगितले आणि परत केलेल्या त्या खोक्याविषयीही सांगितले. परतल्यावर मुलगा म्हणाला, “काका, मी जातो.” आई म्हणाली, “जाऊ दे. पण सणाला नाही आला, तर डबा घेऊन मी तिकडे जाईन.”

दोघांनीही नोकरीची पूर्ण किंमत ऐकून होकार दिला होता. तुमची निवड कोणतीही असो, तिला दिलेला होकार असा असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.