अंगणातली भट्टी



मिनेसोटा, विस्कॉन्सिन, व्हरमाँट ही अमेरिकेची उत्तरेकडची राज्यं. तिथल्या खेड्यांत घरापासून थोडं दूर, पत्र्याच्या खोपटासारखं काहीतरी दिसतं आणि त्यावर आखूड धुराडं. आत पोलादी भट्टी, तिच्याभोवती पाणी. आपला तांब्याचा बंब ज्यांनी पेटवलाय, त्यांना ही रचना लगेच उमगेल. ऐंशी अंशांच्या आसपास तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून पंपानं घरात जातं, खोल्या तापवतं आणि परत भट्टीकडे येतं. राख, कचरा, ठिणग्या घराबाहेर राहतात. एकदा सरपण भरलं की पुढचे कित्येक तास बघावं लागत नाही. कडाक्याच्या थंडीत ही सोय फार मोठी.

पण जुन्या भट्ट्यांच्या धुरानं शेजारीपाजारी हैराण झाले. पाणी पुरेसं तापलं की हवेची झडप मिटते. आत लाकूड तर ठासून भरलेलं. ते धड जळत नाही, नुसतं धुमसतं. भोवती पाणी असल्यामुळे भट्टीच्या भिंतीही जळत्या वायूंच्या मानानं थंडच. धूर पुरता जळायच्या आत निवतो, थोडा डांबरासारखा भिंतींना चिकटतो आणि बाकीचा बुटक्या धुराड्यातून जमिनीलगत पसरतो. सरपण ओलं असेल तर विचारूच नका. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आणि त्यातल्या एकेका किलोची वाफ करण्यात सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता वाया जाते. या धुरामुळे व्हरमाँटनं 1997 मध्ये अशा भट्ट्यांसाठी नियम केले. देशभरासाठी ते 2015 मध्ये आले आणि 2020 पासून आणखी कडक झाले.

माझं म्हणणं असं, की आगीचा गळा दाबूच नये. तिला भरपूर हवा द्यावी, मोठ्या ज्वाळेनं जळू द्यावी आणि जादा उष्णता पाण्याच्या टाकीत साठवावी. हजार लिटर पाणी चाळीस अंशांवरून ऐंशीवर नेलं, की सुमारे 46 युनिट विजेइतकी उष्णता जमा होते. मग आग विझली तरी घर उबदार राहतं.

तुमची मुलं तिकडे अशी भट्टी असलेलं घर बघत असतील, तर त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: भट्टी कोणत्या साली बनली, जोडीला पाण्याची टाकी आहे का, आणि फोडलेलं सरपण वर्षभर वाळवायला वाऱ्याची, वरून झाकलेली जागा कुठे आहे.