रविकिरणमंडळ आणि मराठी कवितेचें स्वत्व

पुण्यास १९२३ सालीं रविकिरणमंडळ स्थापन झालें, तेव्हां त्याचा व्याप अगदीं लहान होता. रविवारीं चहाच्या निमित्तानें जमावें, एकमेकांच्या कविता ऐकाव्या, त्यांवर बोलावें आणि पुरेशा सांठल्या म्हणजे त्यांचें लहानसें पुस्तक काढावें, एवढाच त्या मंडळीचा उद्योग. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे व त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, घाटे, माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर हीं त्यांतील नांवें. 'किरण' हें पहिलें पुस्तक त्याच वर्षीं निघालें. हे कवि सभांतून आपल्या कविता गाऊन दाखवीत. त्यामुळें कविता घरोघर पोंचली, तशी टिंगलहि ओढवली. १९२५ सालीं अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'नीं महाराष्ट्राला हंसविलें, तें बरेंचसें ह्यांच्याच जिवावर!

परंतु एक आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. ही कविता आपली म्हणावी काय? लोकमान्यांना जाऊन तेव्हां पुरतीं चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. स्वराज्याच्या प्रश्नाबरोबर स्वभाषेचाहि प्रश्न लोकांच्या मनांत होता. अशा वेळीं फर्ग्युसन महाविद्यालयांत फारशी शिकविणारा एक प्राध्यापक मराठींत गज्जल लिहितो, ओळीओळींत फारशी शब्द पेरतो, आणि वर आपल्या माधव ह्या नांवाला ज्यूलियन हें विलायती शेंपूट जोडतो! गिरीशांनीं 'आंबराई'त खेड्यांतील जीवन रंगविलें, यशवंतांनीं पुढें छत्रपतींवर महाकाव्य रचिलें. त्यांच्या मराठीपणाविषयीं कोणास शंका आली नाहीं. सारा रोख माधवरावांवर.

गज्जल परकी खरी. पण किती परकी, हें पाहण्याची तसदी थोड्यांनींच घेतली. माधवरावांनीं मात्र वृत्तांचा विचार लघुगुरूंच्या मापानें केला. त्यांची 'छंदोरचना' १९२७ सालीं प्रसिद्ध झाली व १९३७ सालीं पुष्कळ वाढवून निघाली. एकच उदाहरण घ्यावें. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तांत आहेत. त्याच्या चरणांत एक लघु व दोन गुरु हा गण चार वेळां येतो. फारशींतील मुतकारिब वृत्ताचा गणहि नेमका हाच, आणि फिर्दौसीचा 'शाहनामा' त्याच वृत्तांत आहे. शेवटच्या गणांत एक गुरु कमी, एवढाच काय तो फरक. तिन्हीसांजां देवापुढें बसून मनाचे श्लोक म्हणणाऱ्या मुलाच्या कानाला शाहनाम्याची चाल मुळींच अनोळखी वाटूं नये.

शब्दांची गोष्ट अधिक अवघड. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारांतील फारशी शब्दांना संस्कृत पर्याय योजले, हा दाखला शुद्धिवादी देत आणि तो खराहि आहे. पण ज्या शाहिरांनीं महाराजांचे पोवाडे गाइले, त्यांचें 'शाहीर' हें नांवच मुळीं अरबी. आक्षेपकांची शाई फारशी, ते जेथून ती आणीत तें दुकानहि फारशी! अर्थात् रुळलेला शब्द वेगळा आणि हौसेनें आणलेला वेगळा. माधवरावांच्या कांहीं ओळी कोश उघडल्याशिवाय लागत नाहींत, हा दोष पदरीं घेतलाच पाहिजे.

तो त्यांनीं स्वतःच घेतला. १९२५ सालीं 'फारशी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या ह्या पंडितानें १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीचा पक्ष उचलला. जुने विरोधक सुखावले, कित्येक चाहते गोंधळले. कोणी ह्यास कोलांटउडी म्हटलें, तर तें अन्यायाचें होईल. कोणता शब्द कोठून आला हें ज्यानें एकेक करून मांडलें, त्याला निवड करण्याचा अधिकार इतरांहून अधिक होता. आणि १९३३ सालच्या 'गज्जलांजलि'वर त्यांनीं पाणी सोडलें नाहीं. वाद होता तो शब्दांपुरता.

पुढल्याच वर्षीं, १९३९ सालीं, ते वारले. गज्जल मात्र राहिली. पुढें सुरेश भटांनीं तिला बोलत्या मराठीचा वेष दिला आणि हजारों लोक ती ऐकावयास रात्र रात्र बसूं लागले. त्यांच्या १९८३ सालच्या संग्रहाचें नांव 'एल्गार'. तो शब्दहि फारशीच्याच वाटेनें आलेला.