सामाईक फडताळ

पुण्याच्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीत एकच फडताळ असावे, त्याला दोन्हीकडून दारे असावीत, तशी संगणकातील सामाईक स्मृती असते. एका आज्ञावलीने वस्तू ठेवावी, दुसरीने उचलावी. १९८३ च्या युनिक्स सिस्टिम फाइव्हमधून ही सोय सी भाषेच्या जाणकारांना मिळाली. सी-डॅकच्या १९९१ मधील ‘परम ८०००’ यंत्रात मात्र प्रत्येक प्रोसेसरची स्मृती निराळी होती; निरोप धाडण्याचा खटाटोप होता, हा घोळ नव्हता.

बिऱ्हाड गेले तरी सामान मागे राहते. आज्ञावली कोसळली, तरी तिने घेतलेली जागा आपोआप सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सुधारलेली आज्ञावली त्याच किल्लीने अधिक मोठी जागा मागते आणि तिला नकार मिळतो. बिचारा लेखक आजच्या ओळी तपासत बसतो. दोष असतो कालचा. ‘आयपीसीएस’ ही आज्ञा दिली की अशा जागांची यादी दिसते, कितीजण जोडलेले आहेत तेही कळते. तो आकडा शून्य असेल आणि जागा खरोखर बेवारस असेल, तरच ‘आयपीसीआरएम’ने ती मोडावी.

याहून फसवी चूक पत्त्याची. तेच फडताळ एका घरात देवघराच्या डावीकडे, तर दुसऱ्यात चुलीच्या उजवीकडे असते. ‘देवघराच्या डावीकडे पाहा’ अशी चिठ्ठी आत ठेवली, तर शेजारी भलतीकडेच हात घालतो. आज्ञावली तिथेच कोसळली तर बरे. न कोसळता परका आकडा उचलला, तर चूक हिशेबात मुरते. म्हणून स्मृतीत पत्ता न लिहिता तिच्या आरंभापासूनचे अंतर लिहावे. ‘वरून तिसरा कप्पा’ म्हटले की दोन्ही घरांत तोच कप्पा सापडतो.