लिंक वाटली, साहित्य कुठे दिलं?

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा पाऊस सुरू होतो. कुणीतरी ‘दहावी विज्ञान, संपूर्ण साहित्य’ म्हणून गुगल ड्राइव्हचं फोल्डर टाकतं, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि साहित्य आपल्याकडे आलं असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मालकी टाकणाऱ्याचीच राहते. त्या सरांची बदली होऊन शाळेचं खातं बंद झालं, किंवा त्यांनी जागा करायला जुनं फोल्डर उडवलं, की ऐन परीक्षेच्या तोंडावर आपण हात चोळत बसतो.

पुष्कळजण शॉर्टकट जोडून निश्चिंत होतात. शॉर्टकटच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो, तो नीट बघा. २०२० पासून ड्राइव्हमध्ये फाइल एकाच ठिकाणी राहते. बाकीचे शॉर्टकट नुसते तिच्याकडे बोट दाखवतात. मूळ गेलं की बोट दाखवायलाही काही उरत नाही.

मग प्रत काढावी म्हटलं, तर इथेच मेख होती. ड्राइव्ह २०१२ साली आलं, पण त्यानंतर वर्षानुवर्षं ‘मेक अ कॉपी’ मिळालं ते फक्त फाइलला. फोल्डरवर उजवी टिचकी मारली तर तो पर्याय दिसतच नसे. आतल्या फाइली एकदम निवडून प्रती काढता येत, पण पोटातली फोल्डरं मागे राहत. शिक्षकाचा जीव असतो तो नेमका त्या रचनेत: इयत्ता, विषय, धडा, सराव.

पीडीएफ आणि फोटोच असतील तर सरळ मार्ग घ्या. फोल्डर डाउनलोड करा, झिप उघडा आणि ते आपल्या ड्राइव्हवर चढवा. रचना शाबूत राहते. गुगल डॉक्स मात्र या वाटेने वर्डच्या फाइली होऊन येतात आणि गुगल फॉर्म चालते फॉर्म म्हणून येत नाहीत. ज्यांना जमतं ते अ‍ॅप्स स्क्रिप्ट लिहून फोल्डरामागून फोल्डर उतरवतात. पण साध्या खात्यावर स्क्रिप्ट एका दमात ६ मिनिटंच चालते. फोल्डर मोठं असेल तर काम अर्ध्यात तुटतं. कुठवर आलो याची नोंद स्क्रिप्टनेच ठेवावी, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळं दुप्पट.

आणि जागा? दुसऱ्याचं फोल्डर नुसतं पाहण्याने आपली जागा खर्च होत नाही. प्रत काढली की ती आपल्या हिशोबात येते. मोफत खात्याची १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट आहे. त्यामुळे व्हिडिओंची लिंकच ठेवावी आणि प्रश्नपत्रिकांची प्रत काढावी, असं माझं मत आहे.

आता प्रत झाली म्हणून लगेच वर्गात वाटू नका. एखाद्या फोल्डरात अनुक्रमणिकेचं डॉक असतं, त्यात प्रत्येक धड्याची लिंक. प्रतीतल्या त्या लिंका अजून मूळ फाइलींकडेच जातात. चाचणीचा फॉर्म जुनाच राहिला तर तुमच्या मुलांची उत्तरं जाऊन पडतात मूळ फॉर्म बनवणाऱ्या बाईंच्या शीटमध्ये, आणि इकडे तुम्ही मुलांना विचारत बसता की कुणीच कसं सोडवलं नाही! म्हणून अनुक्रमणिका उघडून एकेक लिंक स्वतः दाबून बघावी. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. जुन्या आवृत्त्यांचा इतिहासही प्रतीत येत नाही. आणखी एक: वर्गाची गुणपत्रकं किंवा पालकांचे फोन नंबर त्याच फोल्डरात पडलेले असतील, तर ते आधी बाहेर काढा. ते कुणाच्याच प्रतीत जाता कामा नयेत.

मुलांपुरती सोय बरी आहे. गुगल क्लासरूममध्ये गृहपाठाला डॉक जोडताना ‘प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत’ हा पर्याय निवडता येतो. तो गृहपाठ देण्याआधीच निवडायचा, मागाहून नाही. क्लासरूम नसेल तर डॉकच्या लिंकच्या शेवटी ‘एडिट’ असतं, तिथे इंग्रजीतच ‘कॉपी’ लिहून पाठवा. उघडणाऱ्याला आधी प्रत काढायलाच सांगितलं जातं. सगळ्या वर्गाने मिळून एकाच डॉकमध्ये खोडाखोड करण्याचा प्रकार त्याने बंद होतो.

आणि शाळेच्या खात्यावर काम करणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक गोष्ट दाखला देण्याआधीच सांगा. गुगल टेकआउटमध्ये शाळेच्या खात्यातलं ड्राइव्ह आणि मेल आपल्या खासगी खात्यात उतरवायची सोय असते, फक्त शाळेच्या अ‍ॅडमिनने ती चालू ठेवलेली हवी. उतरायला कधी आठवडाही लागतो. तेव्हा खातं बंद व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे, निकालाची वाट बघत असतानाच ते सुरू करायला लावा.