हाताला टाका, मनाला विसावा

श्रोतेहो, तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. चिखल तुडवता तुडवता काका विठ्ठलनामात असे रंगले, की पायाखाली आपलेच लेकरू आल्याचेही भान राहिले नाही. याच काकांनी थापटीने संतांची डोकी ठोकून मडके कच्चे की पक्के ते पारखले, असेही सांगतात. नर्सिंग शिकणाऱ्या मुली पाहिल्या की मला या दोन्ही कथा आठवतात.

लोहारा तालुक्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंगला गेली. पहिल्याच वर्षी तिच्या पाळीत एक म्हातारबाबा दगावले. सकाळी तिनेच त्यांना पेज भरवली होती. सुट्टीत घरी आली ती "सर, मला नाही जमायचं" म्हणतच. आजीने उपदेश केला नाही. अर्धी वाकळ तिच्या मांडीवर टाकली नि म्हणाली, "एवढी एक ओळ घाल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात मी हेच केलं."

यात जादू काही नाही. सुईवरचे लक्ष सुटले की बोटाला टोचते, म्हणून मन घटकाभर त्या टाक्यापाशी थांबते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९ साली शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात लिहून ठेवले, की थोडे शिवणकाम, थोडे लेखन हा धडधाकट माणसाचाही मोठा विसावा असतो. त्याला तो कळत नाही इतकेच.

मग नर्सने काकांसारखे भान विसरावे काय? छे! वॉर्डात सलाइनचा थेंब मोजायचा असतो, नाडी पाहायची असते. सजगता म्हणजे हातातले काम पुरते पाहणे. ही सवय सुईदोऱ्याने लागते, मातीने लागते, रांगोळीच्या ठिपक्यांनी लागते, चार ओळींच्या रोजनिशीनेही लागते.

शिक्षकबंधूंनो, पाळी संपल्यावर मुलींना अशी पंधरा मिनिटे द्या. गुण नकोत, बक्षिसे नकोत. नाहीतर रांगोळीचाही पेपर होऊन बसेल. आणि एक विसरू नका. अपुरी झोप वाकळ शिवून भरून निघत नाही. पाळ्या जास्त होत असतील तर पाळ्याच कमी करायला हव्यात. झोप उडाली, अन्न गोड लागेना, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते, मराठीतूनही बोलता येते.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा म्हणाली, "सर, रडू अजून येतं, पण हात थरथरत नाही."

थापटीने मडके पारखता येते, पक्के करता येत नाही. त्यासाठी आव्याची ऊब हळूहळू द्यावी लागते. एकदम जाळ केला तर चांगल्या मातीलाही तडा जातो. आपल्या लेकींच्या बाबतीत एवढे सांभाळू या.