तापी आमच्या ठाणावर आली तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "स्त्री आणि स्वावलंबन" असा विषय सुचवला होता. तो मला पेलणारा नाही. दरवर्षी कोणीतरी त्यावर बोलतेच, आणि मागच्या रांगेत कोण कोण डुलक्या घेते तेही मी पाहिलेले आहे. मी आपली घोडीवर बोलते. एक तर तो विषय मला येतो. आणि दुसरे म्हणजे त्या घोडीत आपल्या बचतगटाचे चाळीस हजार रुपये अडकले होते, तेव्हा तिची हकीकत आपल्यापुढे सांगणे मला भागच आहे.

माथेरानात घोडा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे आमच्यासारख्यांची चूल पेटते. आमच्याकडे दोन घोडे होते. त्यांतला एक म्हातारा झाला, त्याच्या पाठीवर माणूस बसवणे पाप वाटू लागले, म्हणून २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघे सारंगखेड्याच्या बाजाराला गेलो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला ही यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे आणि घोडे पाहायचे. गुजरात, राजस्थान, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात. दलाल लोक घोड्याचे भोवरे पाहतात, गळ्याशी देवमण आहे का पाहतात, पंचकल्याणी असेल तर किंमत चढवतात. आम्हाला परवडली ती एक कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली चार वर्षांची घोडी. तिचे दात पाहिले, खूर पाहिले, चाल पाहिली. ती कशाला भिते हे मात्र मी विचारले नाही. विचारले असते तरी विकणाऱ्याने सांगितले नसते म्हणा.

ट्रकने दोन दिवस उभी राहून ती दस्तुरीला उतरली तेव्हा रात्र झाली होती. अंधारातून चालवत घरी आणली. ठाणावर बांधली, पुढे बादली ठेवली, पण पाण्याला तोंड लावीना. सकाळ झाली तरी नाही. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. पाणी पोटात गेले नाही तर आतडी सुकतात, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की तो जिवावर बेततो. मामंजी म्हणाले, "तिला इथल्या पाण्याचा वास नवा आहे, गूळ टाक." मूठभर गूळ कालवला, तेव्हा कुठे ती हुंगून हुंगून अर्धी बादली प्यायली. चंदीचेही तसेच. तिकडे ती जो भिजवलेला हरभरा आणि कोंडा खात होती त्याचे पोते आम्ही येताना बरोबर आणले होते. पहिला आठवडा तेच दिले आणि मग एकेक मूठ आपल्याकडचे मिसळत गेले. नव्या जनावराचे खाणे एकदम बदलू नये, एवढे तरी माझ्या ध्यानात होते.

नाव तिचे तापी ठेवले. मामंजींना राणी हवे होते. पण दस्तुरीवर राणी म्हणून हाक मारली की पाच घोड्या माना वळवतात.

आता खरी गोष्ट. तापी कोणाला जवळ येऊ देईना. उजव्या बाजूने गेले की कान मागे पाडून पाठ फिरवायची. हातात काठी, झाडू, काहीही लांबट दिसले की दोराला हिसका. ह्यांचे म्हणणे, पंधरा दिवसांत सरळ होईल. शेजारचे एकजण म्हणाले, दोन दिवस चंदी बंद करा, आपोआप हाताशी येईल. चंदी बंद केलेले जनावर हाताशी येते हे खरे आहे, पण ते चंदीपाशी येते, आपल्यापाशी नाही. चंदी दिसेनाशी झाली की मग काय?

मामंजी जुने घोडेवाले. त्यांचा हात कडक, पण डोळा चांगला. त्यांनी मला एक शिकवले ते सांगते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे. आपण प्रेमाने म्हणून थेट कपाळावर हात ठेवायला जातो, आणि नेमका तोच हात त्याला शेवटी शेवटी दिसेनासा होतो! म्हणून खांद्याच्या अंगाने, तिरके, बोलत बोलत जावे आणि मागून कधीच जाऊ नये. घोड्याला वाघासारखी नखे नाहीत की बैलासारखी शिंगे नाहीत. पळणे हेच त्याचे शस्त्र, आणि तेच आपण दोराने बांधून ठेवतो. मग तो भ्यायचा नाही तर काय?

मी ठरवले की दुपारी कामे आटोपली की तिच्याशेजारी जाऊन नुसते बसायचे. हात लावायचा नाही, काही मागायचे नाही. तांदूळ निवडायला घेऊन बसायची, तिच्याकडे अर्धवट पाठ करून. सहाव्या-सातव्या दिवशी मानेवर ऊन वाफ आली. तापी माझे केस हुंगत होती. घोडे एकमेकांना असेच ओळखतात, नाकाला नाक लावून, श्वासाने. मी हलले नाही. तांदळातला एकही खडा त्या वेळी माझ्या हाताला लागला नाही, आणि रात्री जेवताना सगळ्यांच्या दाताखाली आले.

आणखी एक. आपण घोड्याला शाबासकी म्हणून मानेवर थापट्या मारतो. त्याला त्यात फारसे सुख नसते. दोन घोडे एकमेकांचे लाड करतात ते मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर दातांनी खाजवून. १९९३ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी घोड्यांना नेमके तिथेच खाजवून पाहिले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. हे माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. मी ते करून पाहिले. तापीचा खालचा ओठ लोंबू लागला, डोळे अर्धे मिटले. तेव्हापासून खराऱ्याची सुरुवात मी तिथूनच करते.

इथपर्यंत सगळे छान चालले होते आणि इथेच मी चुकले. जानेवारीचा हप्ता तोंडावर आला होता. नाताळाचा धंदा तर हातचा गेलाच होता. २०२४ ची सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली, म्हणजे लागून तीन दिवस सुट्टी आणि गर्दी. मी ह्यांना म्हटले, आज तापीला खोगीर घालू या, पाहुणा नको, नुसती बाजारापर्यंत नेऊन आणू. तोपर्यंत तिने रूळसुद्धा पाहिले नव्हते. हे पुढे दुसऱ्या घोड्याबरोबर, मी मागून तापीचा लगाम धरून. आमच्या रस्त्याला लागूनच मिनी-ट्रेनची लाईन जाते. गाडी वळणावरून आली, शिट्टी झाली आणि तापी उधळली. मी लगाम सोडायला हवा होता, पण चाळीस हजार रुपये मी सोडणार कशी? दहा-पंधरा पावले फरपटत गेले आणि डावे मनगट मोडले. तापीचा गुडघा सोलला. देवाची कृपा, वाटेतल्या कोणा मुलाला लागले नाही. ती गोष्ट मनात आली की अजून रात्री झोप मोडते.

दवाखान्यातून परत आले तेव्हा घरात तिला विकण्याची भाषा चालू होती. घेतल्या किमतीच्या निम्म्याने मागणारा माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर. मी होळीपर्यंतची मुदत मागितली. मामंजी कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत. फक्त उठून तापीच्या गुडघ्याला हळद-तेल लावायला गेले. तिने त्यांना उजवीकडून येऊ दिले नाही, तेव्हा ते डावीकडून वाकून, कमरेची दुखणी सांभाळत लावत बसले.

त्यानंतरची आपली फेब्रुवारीची सभा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. "घोडीचे लाड पुरवायला मंडळाचे पैसे नाहीत," असे एका भगिनीने म्हटले होते. मला राग आला होता; पण पैसा सगळ्यांचा होता, तेव्हा विचारणे तिचे कामच होते. दुसऱ्या एकीने उठून माझ्या नावावर स्वतःच्या पदरचा हप्ता भरला. ती आज इथे बसली आहे, तिने नाव घेऊ नको म्हणून बजावले आहे.

हाताला प्लास्टर म्हणजे घरकाम निम्मे बंद. मग करायचे काय? तापीजवळ बसायचे. बसून बसून तिचे कान मला कळू लागले. एक कान माझ्याकडे आणि एक रस्त्याकडे म्हणजे ती ऐकते आहे. दोन्ही मागे चिकटवले की दूर व्हावे. सकाळी मुलगी तिला लाईनीपासून लांब नेऊन उभी करायची, गाडी गेली की परत आणायची. दर दोन दिवसांनी दहा पावले जवळ. पहिल्यांदा ती शिट्टीबरोबर थरथरायची, मग नुसती मान वर करायची. पुढे पुढे गवतच खात राहायची.

एक गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे आपण पाहतो, पण गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही, आणि जागेचा भरवसा वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. तापी आल्यापासून मी तिच्या अंगाला कधी लीद लागलेली पाहिली नव्हती. मला वाटायचे, काय टापटिपीची घोडी! फेब्रुवारी संपता संपता एका पहाटे मी कंदील घेऊन गेले तर ती पाय पसरून आडवी पडलेली, आणि चक्क घोरत होती. मी तशीच मागे फिरले. ह्यांना उठवले, मामंजींना उठवले, आणि आम्ही तिघे दाराच्या फटीतून घोडी झोपलेली पाहत उभे राहिलो. कोणी बोलले नाही. चहा त्या दिवशी अर्धा तास उशिरा झाला.

तुम्ही मघापासून मनात सासरी आलेल्या मुलीची तुलना करत आहात, हे मला दिसते आहे. मी ती करणार नाही. मुलीला बोलता येते.

होळीच्या गर्दीत तापीने पहिले भाडे केले. अकरा-बारा वर्षांची मुलगी होती, वजनाला हलकी, शांत बसणारी. मी मुद्दाम निवडली. लगाम ह्यांनी धरला आणि मी पुढून चालले, म्हणजे तिला मी दिसावे. एप्रिल-मे बरा गेला. हप्ते ऑक्टोबरात फिटले, पदरचा भरणाऱ्या भगिनीचेही. मामंजींना तापी अजून उजव्या बाजूने येऊ देत नाही. कोणीतरी कधीतरी त्या बाजूने काठी चालवली असणार. २०१८ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. घोड्यांना माणसाचा रागावलेला किंवा हसरा फोटो दाखवला, आणि काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला, तर ज्याचा रागाचा फोटो पाहिला होता त्याच्याशी घोडे बिचकून वागले. फोटो पाहून ही गत, मग खऱ्या काठीचे विचारूच नका. नकुलाने विराटाच्या घरी ग्रंथिक नावाने घोडे सांभाळले म्हणतात. त्याला राजाच्या पागेत हप्त्याची घाई नव्हती, हे त्याचे भाग्य.

आणि आता ज्यासाठी मी उभी राहिले ते. आपल्या गटाचा नियम आहे की कर्ज घेतल्याच्या पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. शिलाई मशीन असेल तर तो बरोबर आहे. मशीन आले त्या दिवशी ब्लाउज शिवते. घोडा, म्हैस, शेळी यांचे तसे नसते. त्या एका महिन्यासाठी मी तापीला लाईनीवर नेली, आणि मनगट माझे मोडले ते ठीक, कोणाचे मूल सापडले असते तर? जनावरासाठी घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता तीन महिन्यांनी लागावा, असा अर्ज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. त्यावर अकरा जणींच्या सह्या आहेत. फेब्रुवारीच्या सभेत मला बोलल्या त्या भगिनीची सही पहिली आहे; त्यांनी या वर्षी म्हैस घेतली.